फरकाचा रकाना

सिस्टरची खोली म्हणजे पूर्वीचा फोटो स्टुडिओ. मदतसंस्थेनं ते दुमजली घर भाड्यानं घेतलं तेव्हा तळमजल्यावरचा फोटोवाला गाव सोडून गेला होता, आणि जाताना मागच्या भिंतीवरचा रंगवलेला पडदा तिथंच सोडून गेला होता. पडद्यावर एक संगमरवरी जिना, दोन्ही बाजूंना फुलांच्या कुंड्या आणि वर निळंशार आकाश. पडदा काढून टाकू का, असं रंगाऱ्यानं विचारलं, तेव्हा सिस्टर म्हणाली, "राहू दे. भिंतीची ओल झाकतोय." आणि त्या जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी तिनं आपला वजनकाटा मांडला.

चार तासांवर, नदीच्या पलीकडे, लढाईतून पळून आलेल्या चाळीस हजार माणसांची छावणी होती. तिथं तंबू ठोकणारे, पाणी पुरवणारे, बाळंतपणं करणारे, धान्य वाटणारे असे संस्थेचे ऐंशी लोक राबत. छावणीतल्या लोकांना बघायला डॉक्टर होते. त्या डॉक्टरांना बघायला सिस्टर होती. त्यांना आणि ड्रायव्हरांना आणि स्वयंपाक्याला आणि उंदीर मारणाऱ्याला. सहा आठवड्यांनी माणूस परत आला की आधी सिस्टर, मग आंघोळ, मग झोप, असा क्रम होता. जातानाही तेच. गाडीच्या चिठ्ठीवर तिची सही नसेल तर ड्रायव्हर किल्ली फिरवत नसे. म्हणून तिच्या पाठीमागे सगळे तिला जकातनाका म्हणत. "नाका उघडलाय का रे?" "उघडलाय, पण आज नाक्याचा मूड नाही." हे तिला ठाऊक होतं. दाराबाहेर पायताणं काढायच्या जागी कोणीतरी खडूनं एक आडवा बांबूही काढून ठेवला होता. तो पुसट झाला की ती स्वतःच त्यावरून खडू फिरवी.

वजनाचं हे वेड तिला वडिलांकडून आलं. वडील एका दगडखाणीच्या वाटेवर ट्रक तोलायच्या काट्यावर कारकून होते. लहानपणी शाळा सुटली की ती काट्याच्या खिडकीत बसून गृहपाठ करी. ट्रक रिकामा जाई, तेव्हा तोलायचा. भरून येई, तेव्हा तोलायचा. दोहोंतला फरक म्हणजे माल. "ड्रायव्हर काहीही सांगू दे," वडील म्हणत, "आपण त्याच्या तोंडाकडे बघायचंच नाही. जाताना तोल, येताना तोल." पुढं ती नर्स झाली, सरकारी इस्पितळात एकोणीस वर्षं वॉर्ड सांभाळला, पन्नाशीला टेकल्यावर इथं आली, आणि आली त्या दिवशी तिनं प्रत्येकाच्या नावाचं एक कार्ड केलं. कार्डावर तीन रकाने: जाताना, येताना, फरक. फक्त तिच्या धंद्यात उलटं होतं. माणसं भरलेली जात आणि रिकामी येत.

काट्यावरून उतरलं की ती तीन प्रश्न विचारी. काय खाल्लं? कुठं झोपलात? कोणाशी भांडलात? नवे लोक तिसऱ्या प्रश्नाला हसत. जुने हसत नसत. सहा आठवडे छावणीत राहून जो म्हणे, "कोणाशीच नाही, सिस्टर, सगळं छान," त्याची तिला धास्ती वाटे. अशा माणसाला ती दुसरा चहा देई आणि दार लावून घेई. आत काय बोलणं होई ते बाहेर कधी आलं नाही. एकदा एक दणकट तंबूवाला त्या दारातून डोळे लाल करून बाहेर पडला, तेव्हा व्हरांड्यातल्या कोणीतरी विचारलं, "काय रे, किती घेतली जकात?" तो म्हणाला, "होतं नव्हतं ते सगळं." आणि व्हरांड्यातच आडवा होऊन दहा तास झोपला. त्याच्या अंगावरून ये-जा करताना लोक चपला हातात घेत.

तर एका मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला पंपमास्तर आला.

पंपमास्तर म्हणजे छावणीचं पाणी. पंचेचाळिशीचा, रुंद हाडाचा, तोंडानं फटकळ माणूस. नदीवरचे दोन जुने पंप तो एखाद्या म्हाताऱ्या बैलजोडीसारखे गोंजारून, शिव्या देऊन चालवी, आणि त्याच्याशिवाय ते कोणाचं ऐकत नसत. म्हणून तो जागा सोडत नसे. सुट्टीची पाळी आली की निरोप यायचा: "ठणठणीत आहे. पुढच्या वेळी." चार महिने तो काट्यावर चढलाच नव्हता. पण सिस्टरला त्याची काळजी नव्हती, कारण त्याचा लिफाफा येत होता. छावणीत हिवतापाचा सुळसुळाट होता. संस्था आपल्या माणसांना दर आठवड्याला एक गोळी देई, आणि गोळीची रिकामी पट्टी परत आणायची असा सिस्टरचा नियम होता. लोक विसरत, हरवत, उंदरांनी नेली म्हणत. पंपमास्तरचा लिफाफा मात्र दर महिन्याला ड्रायव्हरकाकांबरोबर बिनचूक येई. सिस्टर तो हातात घेऊन आतलं मोजी, बरोबर चार, आणि खणात टाकी. "असा असावा माणूस," ती बाकीच्यांना सुनावी. "नाहीतर तुम्ही!"

आदल्या संध्याकाळी मोठ्या पंपाचं आतलं, पाणी अडवणारं सील फुटलं होतं. नवं सील इथल्या गोदामात होतं. ते घ्यायला मास्तर भल्या पहाटे निघून आला होता आणि बाराच्या गाडीनं त्याला परत जायचं होतं. धाकटा पंप नुसता थुंकी टाकावी तसं पाणी टाकत होता. टाक्यांत उद्या संध्याकाळपर्यंतचं पाणी होतं.

"सिस्टर, आज माफी असू दे," तो दारातूनच म्हणाला. चिठ्ठी त्यानं लांबूनच पुढं केली. "सही तेवढी मारा. सील बसवतो, परवा येतो, मग तुम्ही म्हणाल तितका वेळ उभा राहतो त्या जिन्यावर."

"परवा म्हणजे कुठल्या सालातला?"

"शप्पथ."

"शपथा खायला सांगितल्या नाहीत, जेवायला सांगितलं होतं. चढा."

तो चढला. शर्ट आत खोचलेला होता. पंपमास्तर शर्ट खोचत नसे, हे सिस्टरला आठवलं. पट्ट्याचं टोक कमरेला वळसा घालून पाठीपर्यंत गेलं होतं, आणि शेवटची दोन भोकं खिळ्यानं पाडलेली होती. काट्याचा काटा थरथरला आणि एकसष्टावर थांबला. कार्डावर चार महिन्यांपूर्वीचं बहात्तर होतं.

"काटा बिघडलाय तुमचा."

"सकाळी मी स्वतःला तोलून बघितलाय. मी बिघडले असेन तर तसं सांगा."

"उन्हाळा आहे, सिस्टर. घामावाटे जातं."

"अकरा किलो घाम?"

तिनं थर्मामीटर लावला. नव्याण्णव. मास्तरच्या चेहऱ्यावर परीक्षेत पास झालेल्या पोरासारखं हसू आलं. पण त्याचा शर्ट पाठीला भिजून चिकटला होता, आणि खोलीत पंखा असूनही त्याच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब जमत होते. तापाची गोळी घेतली की ताप असाच उतरतो, दार आपटून. सिस्टरनं त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. पांढऱ्यात पिवळं मिसळलं होतं.

"किती गोळ्या खाल्ल्या? तापाच्या?"

"एक."

"मास्तर."

"दोन. गाडीत."

तिनं खिडकीतून हाक मारली. ड्रायव्हरकाका अंगणात टायर तपासत होते. ते दारात येऊन उभे राहिले आणि मास्तरकडे न बघता म्हणाले, "ताई, मी काही बोललेलो नाही. मला बोलू नका म्हणून सांगितलंय. त्यांनी गाडीत ताडपत्री अंगावर घेतली होती, एवढंच फक्त म्हणतो. आणि बाहेर ऊन होतं, तेही म्हणतो."

"काका, तुम्ही तर घरचे भेदी निघालात," मास्तर म्हणाला.

बोटाला सुई टोचली, थेंब तपासणीच्या पट्टीवर सोडला. पंधरा मिनिटं वाट बघितली. पट्टीवर पहिली रेघ आली. मग, पाण्याखालून काहीतरी वर यावं तशी, दुसरी आली. हिवताप, आणि त्यातला वाईट, डोक्यात जाणारा.

सिस्टरला आधी राग आला नाही. आधी ती गोंधळली. गोळी चुकवणाऱ्याला होतं ते ठीक. पण हा? तिनं खण उघडला, चार महिन्यांचे चारही लिफाफे काढले आणि टेबलावर उपडे केले. सोळा चकचकीत चौकोन टेबलावर सांडले. नखाएवढे, कडा सरळ, कोपरे नीट. इतके दिवस तिनं ते मोजले होते. बघितले नव्हते.

कपाटातून नवी पट्टी काढून तिनं त्याच्यापुढं धरली. "मास्तर, एक गोळी काढून दाखवा."

"आता?"

"आता."

त्यानं सवयीनं अंगठा दाबला. कागद टचकन फाटला, गोळी तळहातावर पडली, पट्टी वेडीवाकडी झाली.

"हं. आणि हे चौकोन कात्रीनं कोणी कापले?"

मास्तर त्या सोळा तुकड्यांकडे बघत राहिला. बाहेर ड्रायव्हरकाकांनी टायरला दोन लाथा मारल्या, त्याचा आवाज आला.

"आमच्या टाकीवालीची तीन पोरं आहेत," तो शेवटी म्हणाला. टाकीवाली म्हणजे छावणीतलीच एक बाई. पाण्याच्या रांगेवर लक्ष ठेवायला त्यानं तिला नेमली होती. "तंबू नदीकाठी. धाकटीला दोनदा ताप येऊन गेला. माझं कातडं जाड आहे, सिस्टर. मला डास चावला तर डासच मरेल. म्हणून दर सोमवारी एक गोळी त्यांना. ती तीन तुकडे करते."

"आणि रिकामा कागद?"

"तो परत आणायला सांगतो ना. धाकटी आणून देते."

"परत कशाला?"

"तुमच्यासाठी." त्याला प्रश्नच कळला नाही. "तुमचा नियम आहे."

साऱ्या छावणीत सिस्टरचा नियम इतक्या निष्ठेनं कोणी पाळला असेल तर तो त्या तीन पोरांनी.

"मास्तर, ऐका," ती म्हणाली आणि नकळत 'तू'वर आली. "गोळी वजनावर असते. तुझ्या गोळीचा तिसरा हिस्सा त्या पोरीला किती होतो, कमी की जास्त, ते तुला माहीत नाही, तिच्या आईला माहीत नाही. ती मात्र निर्धास्त झोपते की पोरं गोळीवर आहेत. मीही तशीच झोपले, की मास्तर गोळीवर आहे. सगळ्यांना तू समाधान वाटलंस. गोळी कोणालाच लागू पडली नाही."

थंडी वाजून मास्तरचे दात आता वाजायला लागले होते, आणि ते दिसू नयेत म्हणून त्यानं जबडा आवळून धरला होता.

तिनं चिठ्ठी घेतली आणि सहीच्या जागी आडवी रेघ मारली.

वरच्या मजल्यावर मॅडम बसत. पस्तिशीच्या, सगळ्या मोहिमेच्या प्रमुख. तीन फोन, एक वायरलेस, आणि टेबलाखाली गुंडाळलेली चादर. सिस्टर आत गेली तेव्हा त्या उभ्यानंच बिस्कीट खात होत्या.

"नाही म्हणजे?" मॅडम म्हणाल्या. "सिस्टर, कालपासून जुलाबाचे रोगी दुप्पट झालेत. उद्या संध्याकाळी टाक्या कोरड्या. लोक नदीचं पाणी पितील. हे मी तुम्हाला सांगायला हवं?"

"नको."

"मग आजचा दिवस त्याला औषध देऊन पाठवा. सील बसवू दे, लगेच परत आणू. चार तास जायचे, दोन तास काम, चार तास यायचे."

"चार तासांनी त्याला सील आणि साबण यातला फरक कळणार नाही, मॅडम. वाटेत नदीचं पात्र लागतं, तिथं फोन लागत नाही. काका गाडी हाकतील की याला धरतील?"

"तुम्हाला खात्री आहे?"

"नाही. पण काट्याला आहे."

मॅडमनी बिस्कीट टेबलावर ठेवलं. त्या चिडल्या होत्या. पण चिडण्याखाली त्या भ्यालेल्या होत्या, हे सिस्टरला दिसलं. चाळीस हजारांचा आकडा त्यांच्या उशाशी झोपत असे.

"एक माणूस, सिस्टर. आणि तिकडे चाळीस हजार."

"तिकडचे चाळीस हजार तुमचे. इकडचे ऐंशी माझे. मी माझे सोडले तर तुमच्याकडे पाठवायला कोण उरेल?" मग ती पुढं म्हणाली, "आणि यात माझी चूक आहे. चार महिने मी कागद मोजत बसले, माणूस बोलावला नाही. ते मी लिहून देते. उद्या पाणी संपलं तर त्याच कागदाखाली माझी सही घ्या."

मॅडम खिडकीकडे वळल्या. तिथूनच म्हणाल्या, "सील दुसरं कोण बसवेल?"

हा प्रश्न घेऊन सिस्टर खाली आली. मास्तर काट्याशेजारच्या बाकावर दोन घोंगड्या पांघरून आडवा झाला होता. प्रश्न ऐकताच तो कोपरावर उठला.

"कोणी नाही," तो म्हणाला. मग म्हणाला, "टाकीवाली बघत असते."

"काय बघत असते?"

"मी पंप खोलतो तेव्हा. पाने हातात देते. सांगावं लागत नाही कुठला."

"मग लिहा तिला."

"तिला वाचता येत नाही."

"मग काढा. चित्र."

अर्धा तास तो काढत होता, त्या सहीविना चिठ्ठीच्या पाठीवर. हात हलत होता, रेघा वाकड्या येत होत्या. सिस्टरनं कागदाखाली वही धरली आणि दुसऱ्या हातानं त्याचं मनगट धरलं, रांगोळी शिकवताना पोरीचं धरतात तसं. पंप, झाकण, सहा बोल्ट, आत सील, त्याची तोंडाची बाजू. बाजूला एक डोळा, म्हणजे इथं नीट बघ. बरोबर बाराला ड्रायव्हरकाका सील आणि कागद घेऊन निघाले. जाताना खिडकीतून म्हणाले, "मास्तर, ताडपत्री ठेवून जाऊ का?" मास्तरनं त्यांना एक शिवी दिली, पण ती अर्ध्यातच विरली.

गावातल्या इस्पितळात त्याला तीनला खाट मिळाली. सिस्टर सलाईनची बाटली स्वतः वर धरून चालत आली होती, स्टँड मिळेपर्यंत. साडेतीनच्या सुमाराला मास्तर उठून बसायला लागला. "वॉल्व्ह बंद करा," तो ओरडला. "अरे पोरं आहेत खाली, वॉल्व्ह बंद करा!" त्याला सिस्टर ओळखू येत नव्हती. दोन वॉर्डबॉय आणि ती, तिघांनी मिळून त्याला खाली दाबलं. डॉक्टर आले, सुई दिली. सिस्टरनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून चाळीस मिनिटं. गाडी आता नदीच्या पात्रात असेल. मास्तर गाडीत असता तर हे गाडीत झालं असतं.

तिला यात जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. तिला त्या टाक्या दिसत होत्या, आत आत उतरत जाणारी पाण्याची कड.

संध्याकाळी घरी आली तेव्हा नवरा जेवण उरकून भांडी घासत होता. तो घड्याळं दुरुस्त करी. गल्लीच्या तोंडाशी त्याचं दीड माणूस मावेल एवढं दुकान होतं, आणि आयुष्यभर भिंग लावून त्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा बारीक झाला होता. बायकोचा चेहरा बघून त्यानं ताट वाढलं आणि समोर बसला.

"आज कोणाशी भांडलीस?" त्यानं विचारलं. तिचाच प्रश्न तो तिला रोज विचारी.

"सगळ्यांशी."

"मग तब्येत बरी आहे."

ती जेवता जेवता सांगत गेली. तो ऐकत होता. शेवटी ती म्हणाली, "पाणी संपलं तर लोक म्हणतील, एका माणसासाठी हिनं..."

"गिऱ्हाईक मलाही म्हणतं, घड्याळ बंद न करता साफ करून द्या," तो म्हणाला. "कटकट करतं, उद्या लग्न आहे म्हणतं. चालू घड्याळात चिमटा घातला तर काय होतं ते त्याला कुठं माहीत." मग तिच्या ताटाकडे बघून म्हणाला, "भात तसाच ठेवलायस. तोलू का तुला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती वायरलेसपाशी होती. मॅडम आधीच तिथं होत्या, कालच्याच कपड्यांत. यंत्रातून नुसती खरखर येत होती. साडेसातला तिच्यातून एक बाईमाणसाचा आवाज फुटला, मोठ्ठा, दूरच्याशी बोलताना ओरडावं लागतं असं समजून काढलेला.

"मास्तर आहेत का तिथं?"

"नाहीत," मॅडम म्हणाल्या. "पंपाचं काय झालं?"

"त्यांना म्हणावं, चित्र बरं काढलंय, पण मधला नट उलटा फिरतो हे काढलंच नाही!"

मॅडमनी डोळे मिटले. "मग? बसलं नाही?"

"बसलं की! मला ठाऊक होतं ना. रोज त्या नटाला काय काय बोलायचे. त्यावरनंच कळलं मला, हा मेला उलटा फिरणारा आहे म्हणून." पाठीमागून पंपाची धडधड ऐकू येत होती, ठेका चुकणारी, पण चालू. "थोडं गळतंय अजून. फडकं गुंडाळलंय. पाणी वर चढतंय. मास्तर बरे आहेत ना? धाकटी विचारते, या सोमवारचा कागद कोणाकडे द्यायचा?"

मॅडमनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरनं बोलायचं यंत्र हातात घेतलं. "तिला म्हणावं, स्वतःकडे ठेव. आज डॉक्टर येतील, तिघांनाही तोलतील. मच्छरदाण्याही येतील. कागद नको आता."

पाणी काही धो धो आलं नाही. चार दिवस अर्ध्या धारेवर छावणी चालली, रांगा दुप्पट लांब झाल्या, भांडणं झाली. जुलाबानं दोन म्हातारी माणसं दगावली. ती पाण्यामुळे गेली की जाणारच होती, हे कोणालाच ठरवता आलं नाही. सिस्टरनं तेही मनाच्या रकान्यात लिहून घेतलं. तो रकाना कार्डावर नव्हता. पण टाक्या कोरड्या पडल्या नाहीत.

त्याच सकाळी, वायरलेस बंद झाल्यावर, मॅडम तिच्या मागोमाग खाली आल्या. न बोलता चपला काढल्या आणि रंगवलेल्या जिन्यापुढे काट्यावर उभ्या राहिल्या. "माझं कार्ड आहे का तुमच्याकडे?"

"पहिल्या दिवसापासून आहे. कोरं."

"किती?"

"आकडा सांगत नाही. बिस्किटावर चाललंय हे मात्र काट्यालाही कळलं." सिस्टरनं लिहून घेतलं. "कुठं झोपता ते माहीत आहे. टेबलाखाली. कोणाशी भांडलात?"

"तुमच्याशी."

"छान," सिस्टर म्हणाली.

पंपमास्तर नवव्या दिवशी इस्पितळातून सुटला आणि दहाव्या दिवशी चिठ्ठी घेऊन हजर झाला. गालांची हाडं वर आली होती, पण तोंड पूर्ववत सुरू झालं होतं. सिस्टरनं पासष्ट किलोची अट घातली. तोवर व्हरांड्यात बसायचं, खायचं आणि जुन्या नळांना तेल घालायचं. तो पाच दिवसांनी आला. त्रेसष्ट. आणखी तीन दिवसांनी आला आणि काट्यावर मोठ्या ऐटीत चढला. काटा सहासष्टावर गेला.

"झालं?" मास्तर म्हणाला. "मारा सही."

सिस्टरनं त्याच्याकडे पाहिलं. तो फारच ताठ उभा होता, आणि हात शरीरापासून जरा लांब धरून होता.

"खिसे रिकामे करा."

"सिस्टर, आता संशयाची पण हद्द..."

"खिसे."

त्यानं एकेक करून काढले. सहा मोठे बोल्ट, चार नट, एक पाना, आणि मागच्या खिशातून पितळी नळाचं अख्खं तोंड. सगळं टेबलावर ठेवून होईपर्यंत व्हरांड्यात ही गर्दी जमली होती. "नाक्यावर माल पकडला रे!" कोणीतरी ओरडलं. काटा पुन्हा बघितला तर त्रेसष्टाला दोनशे ग्रॅम कमी.

"माझ्या वडिलांच्या काट्यावर ड्रायव्हर चाकाखाली दगड लपवायचे," सिस्टर म्हणाली. "तुम्ही निदान आपल्या धंद्याचा माल तरी आणलात. जा, जेवा."

तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत तिनं नियम बदलला. लिफाफे बंद. दर सोमवारी ड्रायव्हरकाका गोळ्या घेऊन छावणीत फिरत, माणसाला समोर उभं करत, गोळी गिळायला लावत, जीभ बाहेर काढून दाखवायला लावत. काकांना या कामात भलताच रस आला. मोठमोठे डॉक्टर त्यांच्यापुढे जिभा काढून उभे राहत. सोळा चौकोन मात्र सिस्टरनं फेकले नाहीत. खणात, कार्डांच्या वर, एका बाटलीत ते असत. खण उघडला की आधी तेच दिसत.

ज्या सकाळी पासष्ट भरले, खरोखरचे, खिसे उलटे करून बाहेर लोंबत असताना, त्या सकाळी मास्तर काट्यावरून उतरला तरी जागचा हलला नाही. पट्टा त्यानं कमरेवर नीट केला. खिळ्यानं पाडलेल्या भोकांतून तो दोन घरं पुढं सरकला होता. जुन्या घडीपर्यंत अजून पोचला नव्हता.

"सिस्टर," तो म्हणाला, "तिथं गेलो आणि त्या पोरीला ताप आलेला बघितला, तर मी पुन्हा देईन. खोटं कशाला बोलू?"

सिस्टरनं पेन उचललेलं खाली ठेवलं. हे ती ऐकायला तयार नव्हती, आणि तरी इतक्या वर्षांत या जिन्यापुढे कोणी इतकं खरं बोललेलं तिला आठवत नव्हतं.

"दे," ती म्हणाली. "पण त्याच दिवशी मला कळव, की दिली. मी डॉक्टरला पोरीकडे पाठवीन आणि तुला दुसरी पाठवीन. तुझं देणं मला चालतं, मास्तर. लपवणं चालत नाही. लपवलंस की मला तोलता येत नाही."

मास्तरनं मान हलवली. तिनं 'जाताना' या रकान्यात पासष्ट लिहिलं, 'येताना'चा रकाना कोरा सोडला, आणि चिठ्ठीवर सही केली. बाहेर ड्रायव्हरकाकांनी गाडी चालू करून ठेवलीच होती. मागच्या सीटवर ताडपत्रीची घडी होती, वर सुतळी बांधलेली.

संध्याकाळी त्याचा पहिला निरोप वायरलेसवर आला, मॅडमनी तो कागदावर लिहून खाली पाठवला. पंपमास्तर पोचला. त्यानं आल्या आल्या सील खोललं, फडकं काढलं, आणि टाकीवालीला विचारून पुन्हा बसवलं. आता गळत नाही. खाली वेगळ्या ओळीत होतं: पोरगी बरी आहे. गोळी मीच खाल्ली.

सिस्टरनं तो कागद एकदा वाचला. मग खिडकीतून बाहेर हाक दिली, "पुढचा कोण आहे? चढा!"